दातेरी चाकांचा वारसा

घराण्याचा इतिहास म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सरदारांचे वाडे, सावकारांच्या चोपड्या किंवा गवयांच्या पिढ्या उभ्या राहतात. कारागिरांच्या घराण्यांची आठवण झालीच, तर ती घडविणाऱ्यांची होते : सोनार, तांबट, सुतार, मूर्तिकार. झिजलेले बदलणाऱ्या, निखळलेले सांधणाऱ्या आणि बंद पडलेले चालू करणाऱ्या हातांची घराणी इतिहासाच्या पानांवर फारशी येत नाहीत. घडविणारा आपल्या वस्तूवर नाव कोरू शकतो. दुरुस्ती करणाऱ्याचे काम उत्तम साधले, तर ते दिसतच नाही. गाडी मुकाट्याने चालू लागते आणि गिऱ्हाईक त्याला विसरून जाते. अशाच एका विस्मृत धंद्याची, म्हणजे मोटारींचे गिअरबॉक्स दुरुस्त करणाऱ्या कुटुंबांची हकीगत आम्ही वाचकांपुढे मांडीत आहोत. तिचे स्थळ आहे मुंबईतील लोअर परळ.

आज लोअर परळ स्थानकात उतरणाऱ्या नवख्या माणसाला काचेचे मनोरे दिसतात. फिनिक्स, कमला, मथुरादास, रघुवंशी ही नावे त्याला दुकानांच्या आणि कचेऱ्यांच्या संकुलांची म्हणून ठाऊक असतात. ती सारी गिरण्यांची नावे होत. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची पायाभरणी केली आणि पुढील शंभर वर्षांत ताडदेव, भायखळा, लालबाग, परळ, लोअर परळ, वरळी या पट्ट्यात गिरणगाव उभे राहिले. त्याच भागात रेल्वेची दोन मोठी वर्कशॉपे आली. पश्चिमेच्या मार्गावरचे लोअर परळचे आणि मध्य मार्गावरचे परळचे, ही दोन्ही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. गिरणीचा भोंगा आणि वर्कशॉपचा हातोडा यांच्या मध्ये डिलाईल रोडच्या चाळी होत्या. १९११ साली सोशल सर्व्हिस लीग स्थापन करणाऱ्या नारायण मल्हार जोशी यांचे नाव पुढे त्या रस्त्याला मिळाले. कोकणातून आणि घाटावरून आलेली माणसे तेथे राहिली आणि लोखंडाशी बोलावयास शिकली.

आमच्या विषयाचे बीज येथेच आहे. गिरणीत सूत कातण्याच्या यंत्राच्या एका टोकाला दातेरी चाकांची एक मालिका असते. सुताचा नंबर बदलावयाचा, किंवा त्याचा पीळ कमीजास्त करावयाचा, तर त्या मालिकेतील एक ठरावीक चाक काढून त्याजागी कमी वा अधिक दात्यांचे चाक बसवावे लागते. हे काम करणाऱ्या फिटरला गणिताची पदवी नसे. पण किती दात्यांचे चाक बसविले असता सुताला किती पीळ बसेल, हे त्याला तोंडपाठ असे. मोटारीच्या गिअरबॉक्सचे सारे रहस्य याहून वेगळे नाही.

यंत्रशास्त्राशी परिचय नसलेल्या वाचकांसाठी ते थोडक्यात सांगतो. इंजिनाचा स्वभाव असा, की विशिष्ट वेगाने फिरत असतानाच त्याच्या अंगी बळ येते. उभी गाडी हलविण्यास किंवा घाट चढण्यास चाकांना वेग नको असतो, जोर हवा असतो. सपाट रस्त्यावर जोर कमी पुरतो, वेग हवा असतो. वीस दात्यांच्या चाकाने चाळीस दात्यांचे चाक फिरविले, तर दुसरे चाक निम्म्या वेगाने फिरते, पण त्याच्या आसाचा पीळ दुप्पट होतो. वेग देऊन जोर घेणे आणि जोर देऊन वेग घेणे, हा व्यवहार ज्या लोखंडी पेटीत चालतो, ती पेटी म्हणजे गिअरबॉक्स. १८९१ च्या सुमारास फ्रान्समधील पानार आणि लव्हासोर यांच्या गाडीत सरकत्या दातेरी चाकांची अशी योजना प्रथम यशस्वी झाली. त्या योजनेत फिरत्या चाकांचे दाते एकमेकांवर आदळत, आणि ते न आदळू देणे हे सर्वस्वी चालकाच्या कौशल्यावर अवलंबून असे. १९२८ साली अमेरिकेच्या कॅडिलॅक गाडीत सिंक्रोमेश आले. दाते एकमेकांत जाण्यापूर्वी एक लहानशी कडी घर्षणाने दोन्ही बाजूंचे वेग समान करून घेऊ लागली. ही कडी पुढे बहुधा पितळेची किंवा तत्सम धातूची असे. कडी झिजते ती चाकाने झिजू नये म्हणून. मिस्त्री लोकांच्या उपजीविकेचा मोठा भाग या लहानशा कडीवर चालला.

मुंबईच्या रस्त्यांवर मोटार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली. १९११ साली टॅक्सी आली आणि १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर पहिली मोटारबस धावली. १९२८ साली जनरल मोटर्सने लोअर परळपासून हाकेच्या अंतरावर, शिवडीला, गाड्यांच्या जुळणीचा कारखाना काढला. सुटे भाग बोटीने येत आणि येथे जोडले जात. स्वातंत्र्यानंतर मात्र सरकारने ठरविले, की ज्या कंपन्या केवळ जुळणी करतात आणि भाग येथेच बनविण्याची योजना मांडीत नाहीत, त्यांना या देशात स्थान नाही. १९५४ साली शिवडीचा तो कारखाना बंद झाला. दरम्यान १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली होती आणि तिचा कारखाना कुर्ल्याला उभा राहिला होता. वालचंद १९५३ साली निवर्तले. कारखाना त्यांच्या कुटुंबाकडे राहिला. १९५४ पासून तेथे फियाट ११०० ही इटालियन बांधणीची गाडी तयार होऊ लागली.

त्या पहिल्या गोलसर गाडीला मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ असे नाव दिले. १९६४ साली तिचे नवे रूप आले आणि १९७० च्या दशकात तीच गाडी ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, गिअर चार, आणि गिअरचा दांडा जमिनीवर नव्हे, तर सुकाणूच्या खांबावर. जगात इतरत्र दर काही वर्षांनी मोटारीचे रूप आणि अंतरंग बदलत असता, आपल्या देशात परवाना पद्धतीमुळे हीच रचना जवळजवळ चार दशके टिकली. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने हे दुर्दैव होते; नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. मिस्त्रीच्या दृष्टीने मात्र ही एक अजब देणगी होती. बापाने १९६० साली जी पेटी उघडून शिकली, तीच पेटी मुलाने १९९० साली उघडली. ज्या धंद्यात विद्या एका पिढीत जुनी होत नाही, त्याच धंद्याचे घराणे होऊ शकते. फियाटने गिअरबॉक्सवाल्यांची घराणी निर्माण केली, असे म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

या पेटीचे दोष ठरलेले होते. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हते. गाडी पूर्ण थांबविल्यावाचून पहिला गिअर टाकला, की दाते खडखडत. मुंबईच्या गर्दीत टॅक्सीवाल्याला दिवसातून शेकडो वेळा पहिला गिअर टाकावा लागे. खांबावरील दांड्यापासून पेटीपर्यंत जाणाऱ्या सळ्यांच्या सांध्यांत झिजल्यामुळे ढिलाई येई आणि गिअर मध्येच अडके. मग चालक खाली उतरून, बॉनेट उघडून, हाताने सळी हलवीत असे. पन्नाशीपुढच्या मुंबईकर वाचकांना हे दृश्य आठवत असेल. दादरहून पुण्याला जाणाऱ्या टॅक्स्या पाच उतारू आणि टपावर सामान घेऊन बोरघाट चढत. त्यांचे दुसरे आणि तिसरे गिअर लवकर बोलू लागत.

‘बोलू लागत’ हा शब्द आम्ही मिस्त्र्यांकडूनच घेतला आहे. पेटी उघडण्यापूर्वी ती ऐकावयाची, हा त्या विद्येचा पहिला पाठ. गाडी जागेवर चालू आहे, गिअर टाकलेला नाही, आणि आवाज येतो. क्लच दाबताच तो थांबतो. तर दोष पेटीत शिरणाऱ्या शाफ्टच्या बेअरिंगकडे किंवा त्याच्याशी जोडलेल्या चाकांकडे. पहिल्या तीन गिअरांत घरघर आहे आणि चौथ्यात पेटी शांत होते. तर खालच्या शाफ्टकडे पाहावे. कारण चौथ्या गिअरात जोर सरळ आरपार जातो, खालच्या शाफ्टवर भार येत नाही. गिअर आपोआप सुटतो, तर तो केव्हा सुटतो हे विचारावे. लांब पेचकसाचे टोक पेटीवर टेकवून त्याची मूठ कानाला लावणारे मिस्त्री आम्ही पाहिले आहेत. डॉक्टरची नळी आणि हा पेचकस यांच्यात तत्त्वतः भेद नाही.

येथे एक स्वानुभव सांगणे अप्रस्तुत होणार नाही. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आम्ही नवशिके धर्मगुरू होतो आणि आमच्या हाती एक जुनी पद्मिनी आली होती. तिचा तिसरा गिअर सुटत असे. एका ठिकाणी आम्हांला सांगण्यात आले, की सबंध पेटी बदलावी लागेल. जो आकडा सांगितला गेला, तो ऐकून आम्ही गाडी विकण्याचाच विचार करू लागलो. तेव्हा एका परिचिताने आम्हांस ना. म. जोशी मार्गालगतच्या एका गल्लीतील गाळ्यात पाठविले. नाव येथे लिहिणे त्या मंडळींना रुचणार नाही, म्हणून लिहीत नाही. गाळा दहा-बारा फूट रुंद, आत तेलाने काळवंडलेली फरशी, भिंतीला खिळ्यांवर टांगलेले पाने, घासलेटाची परात आणि एक जुने लाकडी बाक. वडील, त्यांचे दोन मुलगे आणि राजापूरकडचा एक चौदा-पंधरा वर्षांचा पोऱ्या, असे चार जण तेथे काम करीत.

वडील मिस्त्रींनी गाडीला हात लावण्यापूर्वी प्रश्न केला, “फादर, गिअर सुटतो तो चढावर, की पाय उचलल्यावर?”

आम्ही आठवून सांगितले, “पाय उचलल्यावर.”

“आणि आवाज?”

“आवाज नाही.”

“मग दाते ठीक असतील. उद्या संध्याकाळी या.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी कागदाच्या पुडीतून एक पोलादी गोळी आणि एक बोटाच्या पेराएवढी स्प्रिंग आमच्या तळहातावर ठेवली. “हा बघा तुमचा चोर. स्प्रिंग मेली, म्हणून गोळी खाचेत बसत नाही.” त्यांनी स्प्रिंगचे, तेलाचे आणि मजुरीचे पैसे घेतले. मग किंचित हसून म्हणाले, “आणि फादर, राग मानू नका, तुम्ही क्लचवर पाय ठेवून गाडी चालवता. ती सवय सोडा, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा याल.” आम्हांस दुसऱ्यांच्या सवयी सांगण्याची सवय, त्या दिवशी आमची सवय आम्हांला सांगणारा भेटला.

जुना भाग कागदात बांधून गिऱ्हाइकाच्या हाती देणे, हा त्या गाळ्याचा नेम होता. त्याचे महत्त्व आम्हांस पुढे कळले. गिअरबॉक्स ही बंद पेटी आहे. आत काय आहे, काय झिजले, काय बदलले, हे मालकाला कधीच दिसत नाही. फसविणाऱ्याला याहून सोयीची जागा नाही. म्हणून या धंद्यात कसबाइतकीच पत महत्त्वाची असते, आणि पत ही एका माणसाच्या आयुष्यात जमते तशी ती गमावलीही जाते. कुटुंबाच्या धंद्यात बापाने लबाडी केली, तर गिऱ्हाईक मुलाकडे येत नाही; मुलाने केली, तर बापाला गल्लीत मान वर करून चालता येत नाही. पिढ्यांचे हे परस्परांवरील ओझे, हाच त्या धंद्याचा खरा विमा होता.

त्या मिस्त्रींच्या वडिलांनी जवळच्याच एका गिरणीत फिटरचे काम केले होते. पाळी संपल्यावर शेजारच्या टॅक्स्यांची लहानसहान कामे करता करता त्यांनी तो गाळा भाड्याने घेतला. धाकट्या मुलाला त्यांनी बालवयातच चाकाचे दाते मोजावयास शिकविले होते. गिरणीतील चाकाची विद्या अशा रीतीने रस्त्यावरील चाकाकडे आली. दात्याचे टोक तुटले असता त्यावर वेल्डिंगचा थर चढवून तो घासून आकारास आणणे, जवळच्या लेथवर शाफ्टसाठी कडी कापून घेणे, चोरबाजारात किंवा ऑपेरा हाउसच्या सुट्या भागांच्या दुकानांत जुळणारा भाग शोधणे, ही कामे त्या परिसरातच होत. एका फर्लांगाच्या आत लोहार, टर्नर, वेल्डर आणि फिटर होते. गॅरेज एका घराचे असले, तरी त्याचे हात सबंध वस्तीचे होते.

अशी कुटुंबे एकाच गाळ्यात दोन-तीन पिढ्या टिकली, याचे श्रेय केवळ पितृभक्तीला देणे हा भाबडेपणा होईल. त्यामागे कायदा होता. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी १९४० च्या पातळीशी बांधून ठेवली होती. धंद्याच्या जागेत भाडेकरूबरोबर त्याच्या कुटुंबातील जो माणूस प्रत्यक्ष धंदा करीत असेल, त्याच्याकडे भाडेकरूच्या मृत्यूनंतर ती जागा जाऊ शकत होती. म्हणजे मुलगा बापाच्या शेजारी बाकावर बसला, तरच गाळा राहणार. घराघरांत मुलांची शाळा दहावीला सुटण्याची जी कारणे होती, त्यांत हेही एक होते, हे आम्ही अनेक कुटुंबांत जवळून पाहिले आहे. जो कायदा दुर्बल भाडेकरूचे रक्षण करण्यासाठी झाला, त्याने धंद्यालाही वंशपरंपरेची दोरी बांधली. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातही वारसाची ही वाट राहिली. पण तोवर धंद्याखालची जमीनच सरकू लागली होती.

त्या जमिनीचा इतिहास सर्वांस विदित आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणीकामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. माणसे थकून, पांगून, उपाशी राहून तो विरला. कोणी गावी परतला, कोणी भाजीची गाडी लावली, कोणी दुसऱ्याची टॅक्सी चालवू लागला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकसित करण्यास वाट दिली. जमिनीचे तीन वाटे करून महानगरपालिका, गृहनिर्माण मंडळ आणि मालक यांत ते विभागावे, असे त्यात होते. २००१ च्या बदलाने ही वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती राहिली आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. गिरण्यांच्या जागी मनोरे आले. मग आजूबाजूच्या जुन्या इमारतींची पाळी आली. पुनर्विकासात गाळेवाल्याला गाळा मिळतो हे खरे. पण चकचकीत इमारतीच्या तळमजल्यावर घासलेटाची परात आणि गळके गिअरबॉक्स यांना कोणी राहू देत नाही. तेथे औषधांचे दुकान किंवा उपाहारगृहच शोभते.

दुसरीकडे गाडीही बदलत होती. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. तिचे इंजिन आडवे, पुढची चाके ओढणारी, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच कवचात. १९९१ च्या उदारीकरणानंतर १९९३ साली मोटारनिर्मितीवरचे परवान्याचे बंधन गेले आणि नव्या कंपन्यांची रीघ लागली. शतकाच्या वळणावर पद्मिनीचे उत्पादन थांबले. रस्त्यावर मात्र ती टॅक्सीच्या रूपाने राहिली. १९९० च्या दशकात मुंबईत साठ हजारांच्या आसपास काळ्यापिवळ्या टॅक्सी होत्या आणि त्यांतील बहुसंख्य याच गाड्या. १९९९ पासून उच्च न्यायालयाच्या आदेशांनी जुन्या टॅक्सींना सीएनजीकडे वळविले. मुंबईची हवा त्यामुळे सुधारली, हे मान्य केले पाहिजे. मागे सिलिंडरचे वजन वाढले, इंजिनाचा जोर थोडा घटला, आणि चालकाचा हात खालच्या गिअरकडे अधिक जाऊ लागला. मिस्त्रीला काम मिळाले. पुढे टॅक्सीच्या वयाला मर्यादा आली, आधी पंचवीस वर्षे आणि २०१३ पासून वीस वर्षे. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर एकही अधिकृत पद्मिनी टॅक्सी उरली नाही. वर्तमानपत्रांनी तिला भावपूर्ण निरोप दिला. तिला साठ वर्षे चालती ठेवणाऱ्यांची आठवण त्या निरोपात फारशी नव्हती.

आता तर पेटीच अंतर्धान पावत आहे. २०१४ साली मारुतीने आपल्या लहान गाडीत स्वतःहून गिअर बदलणारी यंत्रणा आणली. तिचे दुखणे कानाने नव्हे, संगणकाने शोधतात. विजेवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांना बदलावयाचे गिअरच नसतात, कारण विजेच्या मोटारीला उभ्या स्थितीपासूनच भरपूर जोर असतो. अधिकृत सेवाकेंद्रांत कडी किंवा स्प्रिंग बदलत नाहीत; सबंध भागच बदलतात. त्यात वेळ वाचतो, हमीही मिळते. मात्र जेथे चार आण्यांच्या स्प्रिंगचा दोष असतो, तेथे सबंध पेटीची किंमत द्यावी लागते, आणि हा चोर, असे म्हणून पुडी हाती ठेवणारा कोणी नसतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही त्या गल्लीत पुन्हा गेलो. गाळा नव्हता, पत्र्याचे कुंपण होते. वडील मिस्त्री निवर्तले होते. थोरला मुलगा एका सेवाकेंद्रात नोकरी करतो, धाकटा मालवाहतुकीच्या धंद्यात गेला. दोघांनी आपापल्या मुलांना शिकविले. त्या मुलांपैकी कोणी पाना हाती धरलेला नाही. थोरला आम्हांस म्हणाला, “फादर, वाईट वाटतं. पण माझ्या मुलाची नखं स्वच्छ आहेत, याचा आनंदही वाटतो.” हे ऐकून आम्ही गप्प राहिलो. हरवलेल्या कसबाबद्दल हळहळणाऱ्या आम्हां शिकलेल्या लोकांची मुलेबाळेही कोठे तेलाच्या परातीशी बसतात?

मग आम्ही त्या राजापूरच्या पोऱ्याची चौकशी केली. येथे आम्हांला इतिहासाची एक काळी बाजूही नोंदविली पाहिजे. हिशेब केला तर त्याचे वय तेव्हा अवघे चौदा-पंधरा. पहिली दोन वर्षे त्याला जेवण, झोपावयास गाळ्याचा माळा आणि दिवाळीला कपडे एवढेच मिळाले; मुंबईतील शेकडो गॅरेजांत हीच रीत होती. १९८६ चा बालमजुरी प्रतिबंधक कायदा होता, पुढे गॅरेजांतील काम त्याच्या निषिद्ध यादीतही आले; पण कागद आणि गल्ली यांत अंतर होते. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना सर्वच धंद्यांत मजुरीस मनाई केली, मात्र शाळा सांभाळून कुटुंबाच्या बिनधोक्याच्या उद्योगात हातभार लावण्यास मुभा ठेवली. आपले मूल आणि परक्याचे मूल, हा भेद घरगुती धंद्याच्या मुळाशीच असतो. मुलग्यांना गाळ्याचा वारसा होता, पोऱ्याला नव्हता. पुनर्विकासाचा मोबदला वाटला गेला, तेव्हा त्याचे नाव कोठल्याही कागदावर नव्हते.

आणि तरीही, वडील मिस्त्रींची विद्या आज ज्याच्या हाती आहे, तो हाच पोऱ्या. नालासोपाऱ्याला त्याचे स्वतःचे गॅरेज आहे. रिक्षा, टेम्पो, जुन्या मोटारी, जे येईल ते तो घेतो. आम्ही गेलो तेव्हा तो एका टेम्पोच्या पेटीला पेचकस लावून ऐकत होता. भिंतीवर, दसऱ्याचा वाळलेला झेंडूचा हार घातलेला, वडील मिस्त्रींचा फोटो होता. आम्ही विचारले, “त्यांनी तुला पगार दिला नाही, आणि फोटो लावलास?” तो म्हणाला, “पगार दिला नाही हे खरं, फादर. माझ्या पोरांना मी पहिल्या दिवसापासून देतो. पण मला त्यांनी मारलं नाही कधी, आणि शिकवताना काही लपवलं नाही. मुलग्यांना शिकवलं तेच मला शिकवलं.” त्याच्या बाकावर कागदाच्या पुड्या होत्या, जुने भाग गिऱ्हाइकांना परत देण्यासाठी बांधलेल्या.

वाचकहो, या एका वाक्यात आमच्या मते त्या धंद्याचा न्याय आणि अन्याय दोन्ही आहेत. इतिहासकार वारसा शोधतो तो आडनावांत, करारपत्रांत आणि सातबाऱ्यांत. तेथे शोधले, तर लोअर परळच्या या धंद्याचा वंश खुंटला, असेच दिसेल. परंतु मिस्त्रीने मुलाला जे दिले तेच परक्याला दिले, आणि त्या परक्याने गुरूची विद्या घेतली, त्याची पुडी बांधण्याची रीत घेतली, पण पगार न देण्याची रीत टाकून दिली. वारशातून काय ठेवावे आणि काय टाकावे, हे ज्याला कळले, तोच खरा वारस, असे आम्ही मानतो.

आपल्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरांत असे जुने मिस्त्री, फिटर, टर्नर, जॉबर असतील. कोणी गिरणीत काम केलेले, कोणी रेल्वेच्या वर्कशॉपात, कोणी कुर्ल्याच्या मोटार कारखान्यात. त्यांच्या हातांना आता कंप सुटला असेल. त्यांच्याजवळ बसून त्यांना विचारावे, की तुम्ही कोणाकडून शिकलात, कोणाला शिकविलेत, आणि शिकविताना काय लपविलेत. उत्तरे वहीत लिहून ठेवावीत. गिरण्यांच्या धुराड्यांची छायाचित्रे पुष्कळ झाली. चाकाचे दाते मोजणाऱ्या बोटांची साक्ष अजून घ्यावयाची आहे, आणि ती देणारे दर वर्षी कमी होत आहेत.